फ्रिजच्या आधीचा बर्फ

हिमालयातला बर्फ लाहोरला अकबराच्या दरबारापर्यंत पोहोचायचा, पण ते बादशाही लाड. पारा शून्याखाली सहसा न उतरणाऱ्या अलाहाबादेत हिवाळ्यात बर्फ तयार करून उन्हाळ्यासाठी साठवत, हे जास्त नवलाचं. सर रॉबर्ट बार्कर या इंग्रज सेनाधिकाऱ्याने 1775 मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात ती रीत तपशीलवार लिहिली आहे.

उघड्या मैदानात 30 फूट चौरस, 2 फूट खोल खड्डे. तळाशी उसाची किंवा मक्याची वाळलेली ताटं वीतभर जाड पसरलेली. त्यांवर झिलई नसलेल्या मातीच्या उथळ थाळ्या. तिन्हीसांजेला त्यांत उकळून गार केलेलं पाणी भरायचं. ताटांमुळे जमिनीची ऊब वर येत नसे, थाळीतून पाझरलेलं पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जाई, बाकीची निरभ्र आकाशाकडे निघून जाई. ढग आले किंवा वारा सुटला की त्या रात्रीचं पीक बुडालं! जमलेला बर्फ सूर्य उगवायच्या आत गोळा करून 14-15 फूट खोल खड्ड्यात ठोकून बसवत. खड्ड्याला आतून पेंढ्याचं आणि जाड कांबळ्यांचं अस्तर, तोंडावर पुन्हा तेच, आणि वर शाकारलेलं छप्पर.

या सगळ्यात ठोकणं महत्त्वाचं. एक किलो बर्फ वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात एक किलो पाणी 80 अंशांनी तापतं. त्यामुळे ढीग मोठा आणि घट्ट असला की बाहेरचा थर झिजत राहतो, गाभा टिकतो.

बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने याच जोरावर धंदा उभा केला. त्याच्याकडचा बर्फ मात्र गोठलेल्या तळ्यांतून घोड्यांच्या अवजारांनी कापलेला, चौकोनी लाद्यांचा. लाद्या एकमेकींना चिकटून बसत, हवेला फट उरत नसे. भोवती लाकडाचा भुसा. ‘टस्कनी’ हे त्याचं जहाज 1833 च्या मे महिन्यात 180 टन बर्फ घेऊन निघालं आणि सप्टेंबरात सुमारे 100 टन घेऊन कलकत्त्याला लागलं. चार महिने, तेही विषुववृत्त ओलांडून!

पुढल्याच वर्षी तो बर्फ मुंबईत आला. जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत आइस्क्रीम वाढलं आणि यजमानासकट पाहुणे सर्दीने हैराण झाले, अशी बातमी मुंबई समाचारात आल्याचं सांगतात. घराघरांतला ‘गार खाऊ नकोस’ हा दटावणीचा सूर इतका जुना आहे तर. 1843 मध्ये गोदीजवळ मुंबईचं आइस हाउस उभं राहिलं. जहाज वेळेवर आलं नाही तर शहराची मदार या साठ्यावरच असे.

1870 च्या दशकात मद्रास आणि कलकत्त्यात बर्फाचे कारखाने निघाले आणि अमेरिकी जहाजांचं काम संपलं. मुंबई-कलकत्त्याच्या बर्फकोठ्या पाडल्या गेल्या. मद्रासची समुद्रकाठची कोठी मात्र एका वकिलाने घेऊन तिचं राहतं घर केलं. 1897 मध्ये विवेकानंद तिथेच उतरले होते.