रकान्याबाहेरची माणसं

गेल्या पावसाळ्यात, सीमाभागातल्या एका कचेरीच्या व्हरांड्यात बसून मी एका बाईंना अर्ज भरून देत होते. त्यांच्या लेकाच्या दाखल्याचा अर्ज, सगळा कानडीत. मला कानडी वाचता येतं, थोडं अडखळत. बाईंना मराठीही वाचता येत नव्हतं, म्हणजे ज्या भाषाप्रश्नावर मी महिनोन् महिने लिहीत आले होते तो त्यांच्यापुरता कधीच निकालात निघाला होता. नाव झालं, गाव झालं. मग आला 'तंदेय हेसरू', वडिलांचं नाव.

"काय लिहू, अक्का?"

गळ्यातली लाल-पांढऱ्या मण्यांची माळ त्यांनी बोटाने पुढे ओढली. "बापाचं काय सांगू बाई? यल्लम्मा लिव्ह."

मी लिहिलं. खिडकीतल्या कारकुनाने चष्मा खाली घेतला, लाल पेनने त्या नावावर रेघ मारली आणि अर्ज परत सरकवला. त्याच्यावर राग काढण्यात अर्थ नव्हता. त्या रकान्यात बाप बसतो, देवी बसत नाही.

वर्षभर मी 'विविधता आणि समावेश' या विषयावर लिहीत होते. शब्दच इतके इस्त्रीचे की बेळगावात कुणाला सांगितलं तर समोरचा विचारायचा, म्हणजे नक्की कशावर लिहायलीस? मी म्हणायचे, कोण आत आणि कोण बाहेर, यावर. त्या दिवशी घरी येऊन वर्षाचे बारा लेख काढून बसले. आठ भाषेवरचे निघाले. दुकानाची पाटी, बसची पाटी, उतारा, शाळा. उरलेल्या चारांत बाकीची सगळी दुनिया. असं का झालं ते शोधायला मागे जावं लागलं, आणि मागे गेलं की प्रत्येक वळणावर एक मोजणी भेटते.

पहिली मोठी मोजणी सगळ्यांना पाठ आहे. 1 नोव्हेंबर 1956 ला मुंबई राज्यातला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. चंदगड तालुका तोवर बेळगाव जिल्ह्यातच होता, पण मराठी भाषक एवढे जास्त की तो मुंबई राज्यात राहिला आणि कोल्हापूरला जोडला गेला. खानापूर, बेळगाव, निपाणी इकडे आले. कारवार, बिदर, भालकी इथलीही मराठी माणसं तशीच नव्या राज्यात आली. वाद कशाचा, तर मोजायचं कसं याचा. जिल्हा किंवा तालुका धरून मोजायचं की खेडं धरून? महाराष्ट्राचं म्हणणं खेडं हा घटक धरा. 1966 साली नेमलेल्या महाजन आयोगाने 1967 मध्ये अहवाल दिला. निपाणी, खानापुरासह 264 गावं महाराष्ट्राला, 247 गावं कर्नाटकाला, बेळगाव शहर आहे तिथेच. अंमलबजावणी झाली नाही. 2004 साली महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. आमच्याकडे हे आकडे पाढ्यांसारखे म्हणतात, मीही म्हणते, त्यामुळे इथे थांबत नाही.

जे मागे राहिले त्यांच्यासाठीही मोजणीच होती. 1956 च्याच सातव्या घटनादुरुस्तीने 350 अ आणि 350 ब ही कलमं आली: प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून, आणि भाषिक अल्पसंख्याकांसाठी स्वतंत्र आयुक्त. शाळेचा हिशेब त्याआधी, 1949 साली ठरलेला होता. शाळेत 40 किंवा वर्गात 10 मुलं त्या भाषेची असली तर शिक्षक द्यायचा. लोकसंख्येत 15 टक्क्यांच्या वर असाल तर सरकारी सूचना तुमच्या भाषेत मिळणार. 2011 च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्यात मराठी भाषक 18 टक्क्यांच्या वर होते. म्हणून मोर्चात '15 टक्के' हा शब्द घोषणेसारखा येतो. दहा मुलांचा नियम मात्र आता आपल्यावरच उलटायला लागलाय. मोर्चाला येणाऱ्या घरातली पोरं इंग्रजी शाळेच्या पिवळ्या बसमध्ये चढतात आणि मराठी शाळेच्या वर्गात नऊ उरतात. यावर लिहिलं तेव्हा सगळ्यात जास्त फोन आले, आणि कौतुकाचे एकही नव्हते.

भाषेखाली काय दडतं हे आंबेडकरांनी राज्यं बनायच्या आधीच सांगून ठेवलं होतं. 1955 साली भाषावार राज्यांवर लिहिताना त्यांची काळजी ही होती की एका भाषेच्या राज्यात एखादी मोठी जात गावोगाव वरचढ बसेल आणि लहान जातींना तिच्या हाताखाली राहावं लागेल. म्हणून त्यांना संरक्षण हवं. त्यांना हा मुलूख नवा नव्हता. डिसेंबर 1924 मध्ये बेळगावच्या टिळकवाडीत काँग्रेसचं अधिवेशन भरलं, गांधीजी अध्यक्ष झाले ते आयुष्यात एवढ्याच एका अधिवेशनाचे. पाण्यासाठी खणलेली विहीर आजही काँग्रेस विहीर म्हणून दाखवतात. पुढच्याच एप्रिलमध्ये याच जिल्ह्यात, निपाणीत, आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषद झाली. गांधीजींनी सामाजिक अन्याय दूर करायची गोष्ट काढली हे मान्य, पण खादीवर आणि हिंदू-मुसलमान ऐक्यावर त्यांचा जेवढा जोर तेवढा अस्पृश्यतेवर नाही, ही आंबेडकरांची टीका त्याच साली, याच भागातली. अधिवेशनाची शंभरी बेळगावात थाटात साजरी झाली. निपाणीच्या परिषदेची आठवण मात्र वस्तीतल्या समाजमंदिरापलीकडे फारशी जात नाही.

सीमारेषा जातीलाही कशी कापते, हे मला सहाव्या लेखापर्यंत माहीतच नव्हतं. वडार कर्नाटकात अनुसूचित जातीत येतात, महाराष्ट्रात विमुक्त जातीत. लंबाणी इकडे अनुसूचित जात, तिकडे बंजारा म्हणून विमुक्त जात, आणि तेलंगणात गेले की अनुसूचित जमात. धनगर-कुरुबांचंही तसंच, प्रत्येक राज्यात वेगळा गट. त्यात सर्वोच्च न्यायालयाने 1990 साली सांगून टाकलं की एका राज्यातला अनुसूचित जातीचा दर्जा माणसाबरोबर दुसऱ्या राज्यात जात नाही. दिल्लीत बसून हे वाचलं तर तांत्रिक वाटेल. पण निपाणीची वडाराची लेक कागलला दिली, म्हणजे कोगनोळीच्या टोलनाक्यापुढे दूधगंगेचा पूल ओलांडला, की तिची सवलत पुलाच्या अलीकडे राहते. घर तेच म्हणायचं, बोली तीच, लग्नात वाजलेला बँडही इकडचाच. आपण सीमाप्रश्न म्हणतो तेव्हा हा त्यात धरत नाही. मीही धरला नव्हता.

आणि यल्लम्मा. सौंदत्तीचा डोंगर बेळगाव जिल्ह्यात, भक्त दोन्ही भाषांचे. मार्गशीर्ष पौर्णिमेला कोल्हापुराकडून गाड्या भरून लोक येतात, 'उदं गं आई उदं'च्या गजरात कानडी कुठली आणि मराठी कुठली हे कुणी विचारत नाही. एकात्मतेचं हे चित्र मला पहिल्यांदा फार आवडलं होतं, त्यावर एक गोड लेखही झाला. पण त्याच डोंगरावर पोरी देवीला सोडल्या गेल्या, देवदासी झाल्या, आणि त्या कुठल्या वस्तीतल्या होत्या हे दोन्ही भाषांत सारखंच होतं. केसांत जट आली की देवीचं बोलावणं म्हणायचं, आणि हे बोलावणं वाड्यात क्वचितच यायचं.

या प्रथेविरुद्ध कायदे आले. मुंबई इलाख्याचा 1934 चा, तो बेळगावला लागू होता. मग कर्नाटकाचा 1982 चा, प्रत्यक्षात 1984 पासून. सीमेपलीकडे गडहिंग्लजला 1975 साली देवदासींची परिषद झाली, तिथून महाराष्ट्रातल्या चळवळीला धार आली. कर्नाटकाने देवदासींची मोजणी केली ती 1993-94 मध्ये, 22,873 बायका. 2007-08 मध्ये पुन्हा केली, आणखी 23,787. पेन्शन, घर, जे काही मिळतं ते या यादीच्या आधारावर. सर्वेक्षणाच्या वेळी ऊसतोडीला गेलेली, मुंबईला असलेली, किंवा लेकीच्या सासरी कळेल म्हणून गप्प बसलेली बाई यादीत नाही. माझ्या अक्का तिसऱ्या प्रकारातल्या. "तवा नाव दिलं असतं तर लेकीचं मोडलं असतं," एवढंच त्या बोलल्या आणि पानाचा डबा उघडला.

देवीला वाहिलेले, बाईच्या वेषात राहणारे जोगप्पा तर कुठल्याच हिशेबात नव्हते. साडी नेसून, चौंडकं वाजवत दारात आले की सूप भरून जोंधळे द्यायचे, पाया पडायचं, आणि ते गेल्यावर हसायचं, हे मी लहानपणी घरातच पाहिलंय. जनगणनेत स्त्री-पुरुषांशिवाय 'इतर' हा पर्याय आला 2011 साली. सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांची ओळख मान्य केली 15 एप्रिल 2014 ला. 2021 मध्ये कर्नाटकाने सरकारी भरतीत त्यांना एक टक्का जागा ठेवल्या, देशात पहिल्यांदा. यावर लिहिलं तेव्हा ओळखीच्या एका गृहस्थांनी विचारलं, "आपला मराठीचा लढा सोडून हे काय मध्येच?" मी उत्तर दिलं नाही, कारण वर्षभरापूर्वी मीही हेच विचारलं असतं. लढा खरा आहे. 17 जानेवारी 1956 आणि 1 जून 1986 ला गोळीबारात माणसं गेली आहेत, हिंडलग्याच्या स्मारकापाशी उभं राहिलं की घसा दाटतो. पण ज्याची मोजणी होत नाही त्याला काय वाटतं हे आपल्याइतकं कुणाला कळायला हवं होतं?

उर्दूवर मी लिहिलंच नाही. माझ्या गल्लीत घरात दखनी, बाजारात मराठी आणि कचेरीत कानडी बोलणारी चार घरं आहेत. मातृभाषेच्या एका ओळीत ती काय लिहितात, हे विचारायचं राहून गेलं.

2025 साली कर्नाटकाच्या विधिमंडळाने देवदासींसाठी नवा कायदा केला. देवदासीच्या मुलांना बापाचं नाव लिहिण्याची सक्ती नको, असं त्यात आहे. मी अक्कांना फोन करून सांगितलं. पलीकडे बराच वेळ कुकरची शिट्टी ऐकू येत होती.

"मग तिथं काय लिवायचं?"

"काही नाही. रिकामं ठेवायचं."

"रिकामं?" त्या म्हणाल्या. "आनि यल्लम्मा लिवलं तर चालंल का, तेवढं इचारून ठेव."

लाल रेघेचा जुना अर्ज माझ्याकडेच आहे. सोमवारी कचेरी उघडली की तो घेऊन जायचंय.