विमानांच्या मॉडेलवरची चक्रं: डेकलकडून पुन्हा मास्ककडे

ग्वाल्हेरजवळच्या महाराजपूर तळावर १९८५ पासून मिराज-२००० ही लढाऊ विमानं आहेत. शहरातल्या लष्कर आणि मुरार या वस्त्यांच्या छपरांवरून त्यांचा आवाज ऐकत मोठ्या झालेल्या मराठी पोरांपैकी ज्याला मॉडेलचा नाद लागतो, तो एक ना एक दिवस भारतीय मिराज करायला घेतोच. खोक्यातल्या डेकलवर, म्हणजे ओलं करून मॉडेलवर उतरवायच्या छापील चित्रांवर, बहुधा फ्रेंच चिन्हं निघतात. भारतीय डेकल वेगळे मागवायचे, ते आले की पांढऱ्या पट्ट्यातून खालचा रंग डोकावतो आणि केशरी विटकट दिसतं. म्हणून हल्ली बरेच जण डेकल बाजूला ठेवून मास्क, म्हणजे रंग नको तिथे झाकणारा चिकट साचा, कापतात आणि चक्र, म्हणजे हवाई दलाचं गोल राष्ट्रचिन्ह, थेट विमानावर फवारतात. याला नवं तंत्र म्हणतात खरं, पण इतिहास पाहिला तर मधे घुसलेला पाहुणा डेकलच आहे.

खऱ्या विमानांवरची राष्ट्रचिन्हं सुरुवातीपासून रंगानंच काढली गेली. फ्रान्सनं १९१२ मध्ये तिरंगी गोल ठरवला. ब्रिटिशांनी आधी आपला झेंडा रंगवून पाहिला, पण तो लांबून जर्मन क्रॉससारखा दिसायचा आणि खालचे आपलेच सैनिक गोळ्या झाडायचे. म्हणून १९१४ अखेरीस त्यांनी फ्रेंच गोल उचलला आणि रंगांचा क्रम उलटा केला. वर्तुळ आखायचं, कडा झाकायच्या, रंग मारायचा, ही रीत तेव्हापासूनची आहे. साचा कापून त्यातून रंग सोडणं आपल्या भागालाही नवं नाही. इथून जवळच्या मथुरा-वृंदावनात सांझी या रंगचित्रांचे कागदी साचे कात्रीनं कापतात, तेही याच जातीचं काम.

भारतीय हवाई दल ८ ऑक्टोबर १९३२ ला स्थापन झालं आणि त्याच्या विमानांवर ब्रिटिशांचाच लाल-पांढरा-निळा गोल आला. पुढे जपानशी युद्ध पेटलं. जपानी विमानांवर लाल गोळा, आपल्या चिन्हाच्या मध्यभागीही लाल. घाईत दोन्ही सारखेच दिसत. मग या आघाडीवरच्या चिन्हांतून लाल रंगच काढून टाकला आणि निळ्या-पांढऱ्या छटा उरल्या. स्वातंत्र्यानंतर थोडा काळ अशोकचक्र होतं. १९५० पासून आजचं केशरी-पांढरं-हिरवं चक्र आहे: बाहेर केशरी, मधे पांढरं, आत हिरवं.

मॉडेल करणाऱ्याला या यादीत आणखी एक गोष्ट दिसते. आजचं चक्र म्हणजे एकात एक तीन सपाट गोल, मास्कसाठी याहून सोपं काही नाही. अशोकचक्राचे आरे छोट्या मॉडेलवर कापायला बसलात तर मात्र डोळे जातील. तिथे मी निमूटपणे डेकल लावीन.

डेकल आला कुठून? कागदावर छापलेलं चित्र ओलं करून दुसऱ्या वस्तूवर उतरवायची कला अठराव्या शतकात युरोपात चिनी मातीच्या भांड्यांवर रुळली. पुढच्या शतकात तिचं घरोघरी वेड लागलं, आणि तिथून ती खेळण्यांवर पोचणं ओघानंच आलं. फ्रॉग कंपनीनं १९३६ मध्ये १/७२ मापाचे, म्हणजे खऱ्या विमानाच्या बहात्तराव्या हिश्शाएवढे, प्लॅस्टिकचे किट बाजारात आणले. एअरफिक्सचं स्पिटफायर १९५३ चं. स्वस्तातला किट घेणाऱ्या पोराकडे एक ब्रश आणि इनॅमलच्या दोन डब्या असत. त्याला नीट गोल रंगवता येणार नव्हता, म्हणून खोक्यात छापील गोल टाकले. डेकल जिंकला तो सोयीमुळे. तो अधिक चांगला दिसतो असं तेव्हाही कुणी म्हटलं नसेल.

मास्कची हत्यारं तोवर दुसऱ्याच धंद्यांत तयार होत होती. हवेच्या दाबानं रंग फवारणारा एअरब्रश एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आला आणि फोटो रिटच करणाऱ्यांच्या, जाहिराती काढणाऱ्यांच्या हातात गेला. मास्किंग टेप १९२५ ची. थ्री-एम कंपनीतल्या रिचर्ड ड्रू यांनी दोन रंगांच्या मोटारी रंगवणाऱ्यांची पंचाईत पाहिली होती: टेप काढली की खालचा रंगही सोबत निघायचा. त्यांनी बेताच्या चिकटपणाची टेप केली. मॉडेलच्या मास्कचा सगळा खेळ आजही त्याच बेतावर चालतो. पुढे जपानी पातळ कागदाची पिवळी टेप मॉडेलवाल्यांच्या टेबलावर आली, आणि एदुआर्दसारख्या चेक कंपनीनं कॉकपिटच्या काचांसाठी आयते कापलेले मास्क विकायला घेतले. काचेच्या चौकटी रंगवून हात बसला, तसे लोक चक्रांकडे वळले. घरगुती कटिंग मशीन आल्यावर तर संगणकावर गोल काढायचा आणि कापून घ्यायचा, एवढंच उरलं.

डेकलची दुखणी जुनीच आहेत. छपाईभोवतीची पारदर्शक फिल्म उजेडात दिसते. मॅट रंगाच्या खडबडीवर तो लावला तर खाली हवा अडकते आणि चंदेरी डाग पडतात. म्हणून आधी ग्लॉस कोट मारायचा, मग डेकल मऊ करणारं द्रावण लावायचं, तेव्हा कुठे तो पत्र्यांच्या जोडरेषांत बसतो. शिवाय जुन्या खोक्यातला डेकल पिवळा पडतो.

भारतीय चक्राचा क्रम ठरलेला आहे. आधी अख्ख्या गोलावर पांढरा फवारायचा, कारण केशरी रंग गडद कॅमफ्लाजवर कधीच खुलत नाही. पांढरं वाळलं की मधलं कडं आणि आतला गोल झाकून केशरी. मग केशरी झाकायचं, आतला गोल उघडायचा आणि हिरवा. थर पातळच हवेत. जाड झाले तर टेप काढल्यावर कडेला बांध उभा राहतो, आणि तो बोटाला लागतो.

ग्वाल्हेरात हे मास्क कापून घ्यायला फार लांब जावं लागत नाही. गाड्यांवरचे स्टिकर कापणाऱ्या रेडियमवाल्याकडे प्लॉटर, म्हणजे शीट कापायचं यंत्र, असतोच. फाइल दिली की तो गोल कापून देतो, मात्र शीट आपलं न्यावं. त्याच्याकडचं शीट पावसापाण्यात टिकण्यासाठी केलेलं असतं आणि मॉडेलवरचा रंग प्राइमरसकट उपटून आणतं. कमी चिकट व्हिनाइल, म्हणजे प्लॅस्टिकचं शीट, सपाट पंखावर छान बसतं. गोलाईवर ते उलट उसळी मारतं, तिथे कागदी टेपच बरी.

डेकल हद्दपार मात्र झालेला नाही. १/७२ मापात मिराजच्या अंगावरच्या बारीक सूचनांची अक्षरं मिलिमीटरभरही भरत नाहीत आणि कुठलंही पातं ती कापू शकत नाही. स्क्वाड्रनच्या बिल्ल्यावरचा वाघही तसाच. म्हणून बहुतेक जण चक्रं, शेपटीवरचा तिरंगा आणि मोठे आकडे मास्कनं करतात आणि बाकीचं डेकलवर सोडतात.