‘इन’ पसरत गेला, ‘इज’ अडकून राहिला

पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या प्राथमिक पुस्तकांत ऑपरेटरांच्या, म्हणजे तुलना किंवा हिशेब करणाऱ्या चिन्हांच्या आणि शब्दांच्या, प्रकरणाच्या शेवटी एक छोटा तक्ता असतो. मेंबरशिपसाठी, म्हणजे एखादी गोष्ट समूहात आहे का हे पाहायला, ‘इन’ आणि ‘नॉट इन’; आयडेंटिटीसाठी, म्हणजे दोन्ही नावं एकाच वस्तूची आहेत का हे पाहायला, ‘इज’ आणि ‘इज नॉट’. केंद्रीय मंडळाच्या अकरावीच्या अभ्यासक्रमातही हे चौघे लागोपाठ येतात, त्यामुळे एकाच घरातले वाटतात. प्रत्यक्षात दोन जोड्यांची वाटचाल फार वेगळी झाली.

मुळं पायथनच्याही आधीची आहेत. पास्कल या जुन्या भाषेत ‘इन’ होता, पण फक्त संचांपुरता. लिस्प या त्याहून जुन्या भाषेने ‘तीच वस्तू का?’ आणि ‘सारखी वस्तू का?’ हे प्रश्न सुरुवातीच्या काळातच वेगळे केले होते. १९९१ मध्ये पायथन बाहेर आलं, तेव्हा त्यात दोन्ही जोड्या होत्या.

तेव्हाचा ‘इन’ मात्र तोकडा होता. स्ट्रिंगमध्ये, म्हणजे अक्षरांच्या माळेत, एकच अक्षर शोधता यायचं; दोन अक्षरं दिली की एरर. ही अट २००३ साली २.३ आवृत्तीत गेली. डिक्शनरीवर, म्हणजे कळ (की) आणि तिचं मूल्य अशा जोड्यांच्या साठ्यावर, तर ‘इन’ चालतच नसे, तिथे ‘हॅज-की’ ही मेथड वापरावी लागे. २००१ च्या अखेरीस आलेल्या २.२ मध्ये तो डिक्शनरीवरही चालू लागला, पण कळा तपासायच्या की मूल्यं, यावर आधी बरीच चर्चा झाली. लिस्टमध्ये, म्हणजे साध्या यादीत, ‘इन’ मूल्यं शोधतो, मग डिक्शनरीत कळा का, हा आक्षेप तर्काला धरून होता. कौल कळांच्या बाजूने गेला, कारण लोक रोज तपासत होते त्या कळाच, आणि हॅश या झटपट शोधाच्या युक्तीमुळे त्या पटकन सापडतात. आज यावर कुणी वाद घालत नाही. २००८ च्या अखेरीस ३.० आलं आणि ‘हॅज-की’ कायमची गेली.

‘इज’चा अर्थ या सगळ्या काळात तसूभरही बदलला नाही. दोन नावं मेमरीतल्या एकाच ऑब्जेक्टकडे बोट दाखवतात का, एवढंच तो सांगतो. घोळ आहे तो ‘इज’ कसा शिकवला जातो त्यात. पुस्तकातलं नेहमीचं उदाहरण असं: एक्सला ५, वायला ५, मग ‘एक्स इज वाय’ छापा. उत्तर ट्रू येतं आणि विद्यार्थी समजतो की किंमत सारखी म्हणून ट्रू आलं. खरं कारण वेगळंच. पायथनच्या प्रचलित अंमलबजावणीत उणे ५ ते २५६ हे पूर्णांक अनेक वर्षं आधीच तयार करून ठेवलेले असत, त्यामुळे दोन्ही नावांना तोच ५ मिळे. हा वेगासाठी केलेला आतला जुगाड आहे, भाषेचा नियम नाही. त्या काळात ५ च्या जागी २५७ घालून शेलमध्ये एकेक ओळ चालवली की फॉल्स येई, आणि त्याच ओळी फाइलमध्ये लिहून चालवल्या की बहुधा ट्रू, कारण एकत्र कंपाइल होताना सारखे स्थिरांक एकच धरले जातात. प्रॅक्टिकलच्या तासाला दोन बाकांवर दोन उत्तरं आली, तर त्यात मुलांची काय चूक?

जावा या दुसऱ्या भाषेकडून येणाऱ्यांचा गोंधळ आणखी निराळा. तिथे ऑब्जेक्टवर ‘==’ लावलं की ओळख तपासली जाते, म्हणजे पायथनच्या ‘इज’चं काम. पायथनचं ‘==’ किंमत पाहतं.

२०१९ मध्ये ३.८ आवृत्तीने अखेर दखल घेतली. ‘एक्स इज ५’ असं थेट आकड्याशी लिहिलं की ‘तुम्हाला == म्हणायचं होतं का?’ अशी वॉर्निंग येऊ लागली. थेट एरर दिली असती तर चालू कोड मोडला असता, म्हणून वॉर्निंगवर निभावलं. त्यावरही कुरकुर झाली: जुन्या लायब्ररी बसवताना हा मजकूर अशा लोकांच्या स्क्रीनवर झळकू लागला, ज्यांनी तो कोड लिहिलाच नव्हता. कुरकुर रास्त असली, तरी वॉर्निंग उशिरा आली असंच म्हणावं लागेल. शिवाय ती अपुरीही आहे. पुस्तकातल्या उदाहरणात दोन्हीकडे व्हेरिएबल असतात, तिथे ती येतच नाही.

‘इज’ची हक्काची जागा म्हणजे ‘नन’शी, म्हणजे ‘काहीच नाही’ दाखवणाऱ्या मूल्याशी, तुलना. पायथनची अधिकृत लेखनशैलीही तिथे ‘इज’ आणि ‘इज नॉट’च वापरायला सांगते. ‘नन’ हे ऑब्जेक्ट एकच असतं, आणि ‘==’चा अर्थ एखादा क्लास आपल्या सोयीने बदलू शकतो; ‘इज’चा बदलता येत नाही. नवशिक्यांना ‘इज’ची एवढीच ओळख करून दिली तरी पुरे, पण परीक्षेत प्रश्न येतात ते आकड्यांचेच.

एक गंमत पुस्तकांत सहसा नसते. लिस्टमध्ये शोधताना ‘इन’ आधी ‘इज’ने पाहतो आणि जुळलं नाही तरच ‘==’ लावतो. म्हणून ‘नॅन’, म्हणजे संख्या नसलेलं ते विचित्र मूल्य, स्वतःशी ‘==’ने ताडलं तर फॉल्स येतं; पण तेच ऑब्जेक्ट लिस्टमध्ये ठेवून ‘इन’ने विचारलं, तर ट्रू.