फुलरीन सोडलं आणि ऑर्गॅनिक सोलर सेलचं गाडं पुढे सरकलं

सोलर म्हटलं की आपल्याला सिलिकॉनच आठवतं, पण कार्बनी रेणूंचाही सोलर सेल बनतो. शाईसारखं द्रावण पातळ प्लास्टिकवर पसरवायचं, उजेड शोषणारा थर जेमतेम 100 नॅनोमीटरचा.

अडचण अशी की सिलिकॉनमध्ये ऊन पडलं की इलेक्ट्रॉन सहज मोकळा होतो, इथे मात्र तो आपल्या मागे राहिलेल्या रिकाम्या जागेला, म्हणजे होलला, चिकटूनच राहतो. ही जोडी साधारण 10 नॅनोमीटर सरकते, तेवढ्यात फुटली नाही तर ऊर्जा वाया. म्हणून दोन पदार्थ मिसळतात, डोनर इलेक्ट्रॉन देतो आणि अ‍ॅक्सेप्टर ओढून घेतो.

1995 पासून जवळपास वीस वर्षं अ‍ॅक्सेप्टर म्हणजे फुलरीनच, म्हणजे कार्बनच्या अणूंचा पोकळ रेणू, त्यातही पीसीबीएम हा त्याचा प्रकार. इलेक्ट्रॉन छान ओढतो, पण स्वतः ऊन फारसं शोषत नाही, आणि रेणू चेंडूसारखा गोल असल्यामुळे त्यात फेरफार करायला वाव कमी, त्यामुळे कार्यक्षमता 11-12 टक्क्यांपाशी अडकली.

मग 2015 मध्ये पेकिंग युनिव्हर्सिटीच्या झान यांच्या गटाने आयटीआयसी हा फुलरीन नसलेला अ‍ॅक्सेप्टर आणला. मध्ये इलेक्ट्रॉन देणारा लांब सपाट कणा, दोन्ही टोकांना इलेक्ट्रॉन ओढणारे अणूंचे गट. सपाट रेणू एकमेकांवर बसून गठ्ठे करतात, म्हणून बाजूंना जाडजूड फांद्या लावल्या. पहिला आकडा 6.8 टक्केच होता, पण मला खरी उडी हीच वाटते, कारण आता टोक बदला, कणा बदला, फांदी बदला, प्रत्येक बदलाने कुठला रंग शोषायचा ते ठरवता यायला लागलं! 2019 मध्ये चीनमधल्याच चांगशामध्ये झोउ यिंगपिंग यांच्या गटाने वाय6 हा अ‍ॅक्सेप्टर केला, त्यात कण्याच्या मधोमधही ओढणारा तुकडा बसवला, रेणू किंचित वाकडा झाला, 900 नॅनोमीटर तरंगलांबीपर्यंतचं इन्फ्रारेड पकडायला लागला आणि आकडा थेट 15.7 टक्के. आता लॅबमधले छोटे सेल 20 टक्क्यांच्या आसपास पोचलेत.

पण नुसत्या रेकॉर्डवर खूश होऊन चालणार नाही. कणा आणि टोक जोडणारा दुहेरी बंध हीच या रेणूंची नाजूक जागा, शेजारी झिंक ऑक्साइडचा थर असला आणि त्यावर अल्ट्राव्हायोलेट पडलं की रेणू तिथेच तुटतो. शिवाय वाय6 बनवायला रासायनिक पायऱ्या बऱ्याच, म्हणजे महाग. म्हणून आता कमी पायऱ्यांत होणारे, साधे कणे असलेले अ‍ॅक्सेप्टर शोधणं चाललंय, आणि क्लोरोफॉर्मऐवजी झायलीनसारख्या कमी घातक द्रावकात विरघळतील असेही.