पिकअपचं लटकलेलं दार आणि झिजलेले कब्जे

जुन्या पिकअपचं किंवा टेम्पोचं दार हळूहळू कडीच्या बाजूने खाली येतं, मग ते आपटून बंद करावं लागतं किंवा हँडल धरून जरा उचलून लावावं लागतं, याला गॅरेजमध्ये दार लटकणं म्हणतात, कोणी दार बसलं असंही म्हणतं. कारण बहुतेक वेळा एकच असतं, दाराला धरून ठेवणारे दोन कब्जे (घरी ज्याला आपण बिजागरी म्हणतो तेच) आतून झिजलेले असतात. दुरुस्ती तशी स्वस्त आहे, पण चुकीच्या टोकाकडून सुरू केली तर कब्ज्याबरोबर लॉकही जातं.

कब्ज्याच्या दोन पात्या असतात, एक पिलरवर (म्हणजे दाराच्या चौकटीच्या उभ्या खांबावर) आणि एक दारावर, आणि दोन्हींतून एक पिन जाते. पिन एका पातीत घट्ट बसलेली असते आणि दुसऱ्या पातीत पितळेच्या किंवा तशाच मऊ धातूच्या बुशात, म्हणजे पिनेभोवतीच्या छोट्या नळीत, फिरते. झिजायचं काम बुशाने करायचं असतं, म्हणूनच तो मऊ असतो आणि बदलता येतो. दाराचं वजन वरच्या कब्ज्याला बाहेर ओढतं आणि खालच्याला आत दाबतं. दोन कब्ज्यांमध्ये ४० सेंमी अंतर आणि दाराची रुंदी १ मीटर धरा, वरच्या पिनेत फक्त १ मिमी झीज झाली तरी कडीच्या टोकाला दार अडीच मिमी खाली येतं, आणि खटका चुकायला तेवढं पुरतं.

मुंबईत हे लवकर का होतं ते मशीद बंदर नाहीतर भुलेश्वरच्या गल्लीत तासभर उभं राहिलं की कळतं. दर पन्नास पावलांवर डिलिव्हरी, दार अर्धंच उघडायला जागा, त्यात ड्रायव्हर दारालाच लटकून वर चढतो, म्हणजे सगळा भार त्या दोन पिनांवर. शिवाय समुद्राची खारी हवा आणि जून ते सप्टेंबर पाऊस, कब्ज्यातलं तेल धुऊन जातं आणि पिन कोरडी घासत राहते. ससून डॉक, भाऊचा धक्का इथे मासळी भरणाऱ्या गाड्यांना तर बर्फाचं खारट पाणी लागतं, तिथे पिलरच्या खालच्या भागातला गंज आधी बघायचा आणि पिनेचा विचार नंतर. दाराच्या तळाला पाणी जायला बारीक भोकं असतात, ती मातीने बुजली की पाणी आतच राहतं, दार जड होतं आणि तळ सडतो. कितीतरी लोकांना ही भोकं असतात हेच माहीत नसतं, सुतळीची सुई घालून साफ करायला दोन मिनिटं लागतात.

तपासणी सोपी आहे. दार वीतभर उघडायचं, कडीच्या टोकाला खालून दोन्ही हातांनी धरून वर-खाली हलवायचं आणि दुसऱ्या माणसाने नजर कब्ज्यावर ठेवायची. पिन बुशात टकटक करत हलली तर झीज आहे. आख्खी पाती पिलरवर सरकली तर बोल्ट ढिले आहेत, तिथे गंजाचा तांबडा ओघळही दिसतो. आणि कब्जा घट्ट असून पिलरचा पत्राच आत-बाहेर होत असेल, रंगाला केसाएवढी चीर पडली असेल, तर काम वेल्डिंगचं आहे, बुश बदलून काही होणार नाही.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. बऱ्याच ठिकाणी दार लटकलं की पिलरवरचा स्ट्रायकर, म्हणजे ज्यात लॉक अडकतं तो खटका, खाली सरकवून देतात. आमच्या पिकअपचं एका गॅरेजने असंच केलं, दार त्या दिवशी मस्त लागलं पण झीज चालूच राहिली, दोन महिन्यांत दार परत आपटायला लागलं आणि लॉकही खराब झालं. स्ट्रायकरचं काम दार बंद ठेवायचं आहे, दाराचं वजन उचलायचं नाही. काही जण दाराखाली लाकूड घालून दार वर दाबतात, त्याने कब्जा वाकतो आणि पिन आणखी अडते.

काम करताना आदल्या रात्री पिनेवर तेल मारून ठेवावं. कब्ज्याच्या कडेने मार्करने रेघ मारून घ्यायची म्हणजे पाती परत जागेवर बसते. दाराखाली जॅक, त्यावर लाकडाची फळी आणि जुनं गोणपाट, दाराचा भार उचलेल एवढंच वर घ्यायचं. मग एका वेळी एकच कब्जा, दुसरा लागलेला असला की दार उतरवायची गरज पडत नाही. काही कब्ज्यांत पिन एकाच बाजूने निघते, त्यामुळे कुठलं टोक जाड आहे ते बघूनच ठोकायचं.

जुनी पिन हातात घेतली की सगळं समजतं. मधोमध नख अडकेल असा खड्डा, एका बाजूला आरशासारखी चमक आणि दुसऱ्या बाजूला कंपनीचा मूळ काळपट रंग जशाच्या तसा, म्हणजे भार कुठून येत होता ते पिनेवरच लिहिलेलं असतं. बुश पातळ होऊन कागदासारखा झालेला असतो, कधीकधी सापडतच नाही.

नवीन बुश हातोडीने ठोकू नये, त्याची कॉलर म्हणजे कडेची चकती तुटते, व्हाइसमध्ये दाबून बसवावा. भोक अंड्यासारखं लांबट झालं असेल तर लेथवाल्याकडून ते मोठं गोल करून जाड बुश बनवून घ्यायचा, आणि दोन्ही भोकं एकाच पकडीत करायला सांगायचं, नाहीतर ती एका रेषेत येत नाहीत आणि पिन फसते. आख्खा कब्जा बदलायचा तर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुना मिळतो, पण तिथेच पिन हलवून बघा, नाहीतर आपल्यासारखाच झिजलेला घरी आणाल.

पिना बसल्या की स्ट्रायकर पूर्ण काढून दार लावून बघायचं, म्हणजे ते स्वतःहून कुठे येतं ते दिसतं. दार आणि चौकटीतली गॅप वर-खाली सारखी आली की बोल्ट आवळायचे आणि स्ट्रायकर सगळ्यात शेवटी दाराप्रमाणे लावायचा. चेकपट्टी, म्हणजे दार ठरावीक जागी थांबवणारी पट्टी, तुटलेली असेल तर तीही आत्ताच बदलावी, ती नसली की दार जास्त उघडून मडगार्डला आपटतं आणि नवा कब्जा वाकतो. पिलरवर वेल्डिंग असेल तर बॅटरीची वायर आधी काढायची आणि आतलं अस्तर बाजूला करायचं, ते लगेच पेटतं.

आठवडाभर गाडी खड्ड्यांतून फिरली की बोल्ट एकदा परत आवळून घ्यायचे. तेल पावसाच्या आधी एकदा, पाऊस संपला की एकदा.