नवोन्मेष प्रणाली आणि ज्ञानाधारित नवउद्योग : बडोद्याचे उदाहरण

एखाद्या देशात, प्रदेशात किंवा उद्योगात नवे ज्ञान तयार होते, हातोहात पसरते आणि शेवटी त्यातून विकता येईल अशी वस्तू निघते. हे ज्या संस्थांच्या, माणसांच्या आणि नियमांच्या जाळ्यामुळे घडते, त्याला नवोन्मेष प्रणाली म्हणतात. शाळा-महाविद्यालये, प्रयोगशाळा, कारखाने, बँका, चाचणी केंद्रे, पेटंटचा कायदा, सरकारी खरेदीचे नियम हे सगळे त्यात मोडते. नव्या ज्ञानाच्या जोरावर उभी राहणारी कंपनी, म्हणजेच ज्ञानाधारित नवउद्योग, याच जाळ्यात जन्मते. संस्थापकाची हुशारी आणि चिकाटी लागतेच. पण त्याला प्रश्न कुठे भेटला, त्याचा हात कुठे बसला आणि पहिला माल कोणी घेतला, हे विचारत गेले की गोष्ट त्या एकट्याची राहत नाही.

ही संकल्पना १९८०च्या दशकात रुळली. अर्थशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर फ्रीमन यांनी १९८७ मध्ये जपानच्या औद्योगिक प्रगतीची फोड करताना ती वापरली. बेंग्ट-ओके लुंडवाल आणि रिचर्ड नेल्सन यांनी पुढच्या पाच-सहा वर्षांत ती देशोदेशी लावून पाहिली, तर फिलिप कुक यांनी तिला प्रदेशाच्या पातळीवर आणले. मूळ निरीक्षण मात्र जुने आहे. एकच धंदा एका ठिकाणी बराच काळ चालला की त्याची गुपिते तिथल्या हवेतच असतात आणि पोरांना ती नकळत येतात, असे आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० साली लिहिले होते. योगायोग असा की त्याच साली बडोद्यात कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था सुरू झाली.

कलाभवन. सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांना १८८१ मध्ये राज्याधिकार मिळाले. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग त्यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात केला आणि १९०६ मध्ये तो राज्यभर लागू केला. बडोद्याची चर्चा बहुधा इथेच थांबते. उद्योगाच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचे पाऊल होते ते कलाभवन. त्याचे पहिले प्राचार्य त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे सुरतचे, बडोदा कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारे. कारागिराला त्याचा धंदा त्याच्या भाषेत, शास्त्राच्या पायावर शिकवायचा, हा त्यांचा आग्रह होता.

याचा नेमका अर्थ रंगाऱ्याच्या उदाहरणावरून कळतो. मंजिष्ठा, आल अशा मुळांपासून लाल रंग काढणारे कारागीर गुजरातेत पिढ्यान्‌पिढ्या होते. १८६८ मध्ये जर्मनीत अलिझरीन हा रंग कृत्रिमरीत्या तयार झाला आणि थोड्याच वर्षांत तो डब्यांतून इथल्या बाजारात आला. तुरटीत भिजवलेल्या कापडावर हाच रंग लाल चढतो, लोहक्षाराच्या कापडावर जांभळा, क्रोमियमच्या क्षारावर तपकिरी. जुन्या रंगाऱ्याला तुरटी ठाऊक होती. ती का लागते हे ठाऊक नव्हते. त्यामुळे डबा बदलला, पाणी बदलले की त्याचा अंदाज चुके. बाहेरचे ज्ञान ओळखून, पचवून कामाला लावण्याच्या या कुवतीला कोहेन आणि लेविन्थल यांनी १९९० मध्ये ग्रहणक्षमता असे नाव दिले. ते नाव येण्याच्या शंभर वर्षे आधी कलाभवनात नेमकी तीच शिकवली जात होती.

इथे रंगकाम, विणकाम, यंत्रकाम, वास्तुकला आणि चित्रकला हे विषय एकाच छपराखाली होते. दादासाहेब फाळके चित्रकला आणि छायाचित्रण इथे शिकले. रसायन, यंत्र आणि चित्र या तिन्हींशी ओळख असलेला माणूस पुढे सिनेमाकडे वळला, यात नवल वाटू नये.

विद्यार्थ्यांचा कारखाना. गज्जर पुढे मुंबईला गेले. राणी व्हिक्टोरियाच्या संगमरवरी पुतळ्याला कोणी डांबर फासले होते आणि डाग निघता निघत नव्हते. ते काढणारे रसायनतज्ज्ञ म्हणून त्यांचे नाव झाले. पण त्यांचे मोठे काम वेगळे. भाईलाल दाजीभाई अमीन आणि कोटीभास्कर या आपल्या दोन विद्यार्थ्यांसह त्यांनी १९०७ मध्ये बडोद्यात अलेम्बिक केमिकल वर्क्स काढली. अलेम्बिक म्हणजे अर्क काढण्याचे भांडे. टिंक्चर आणि अल्कोहोलपासून सुरुवात करणारी ही कंपनी बडोद्याच्या औषधउद्योगाची थोरली ठरली. पुढच्याच वर्षी, १९०८ मध्ये, बँक ऑफ बडोदा स्थापन झाली. शिक्षक, शिष्य आणि बँक ही तिन्ही कडी दोन वर्षांच्या आत एका संस्थानात जुळावीत, हे त्या काळच्या हिंदुस्थानात विरळाच.

गज्जर, अमीन आणि कोटीभास्कर या त्रयीतली आडनावेही पाहण्यासारखी आहेत. मराठी माणूस मास्तर, कारकून किंवा इंजिनिअर आणि गुजराती माणूस मालक, असा बडोद्याचा एक ठरीव समज आहे. दांडिया बाजारातल्या मराठी घरांत आजही मुलगा शिकला की पहिला प्रश्न ‘नोकरी लागली का?’ हाच असतो. समज पुरता खोटा नाही. पण कोटीभास्कर हे मराठी नाव त्याला छेद देते आणि एक गोष्टही दाखवते : शिकलेला हात आणि भांडवल सांभाळणारा हात एका टेबलाशी बसले तिथे कंपनी निघाली.

मूळ कंपनीतून फुटणाऱ्या कंपन्या. अमेरिकेतल्या मोटारउद्योगाचा इतिहास धुंडाळून अर्थशास्त्रज्ञ स्टीव्हन क्लेपर यांनी दाखवले की चांगल्या कंपनीत घडलेल्या माणसांनी काढलेल्या कंपन्या इतरांपेक्षा जास्त टिकतात. बडोद्यात हे घराण्याच्या वाटेनेही घडले. भाईलालभाईंचे पुत्र नानुभाई अमीन यांनी १९४३ मध्ये ज्योती लिमिटेड काढली. पंप आणि स्विचगिअर (वीजप्रवाह जोडण्या-तोडण्याची उपकरणे) हा तिचा धंदा. औषधाकडून विद्युत यंत्रांकडे ही उडी वरकरणी विचित्र दिसते. पण कारखाना चालवण्याची घरातली सवय आणि शहरात तयार मिळणारे यंत्रकामाचे हात, हे दोन्ही हाताशी होते. १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले आणि कलाभवन त्याची तंत्रज्ञान व अभियांत्रिकी विद्याशाखा बनले. नाव मात्र गेले नाही. बडोदेकर अजून ‘कलाभवनला शिकतो’ असेच म्हणतात.

पहिला ग्राहक. गुजरातेत तेल सापडल्यावर शहराचा नूर पालटला. बडोद्याजवळच्या कोयलीची रिफायनरी सोव्हिएत मदतीने १९६५ मध्ये सुरू झाली, गुजरात स्टेट फर्टिलायझर्स १९६२ची, आणि इंडियन पेट्रोकेमिकल्स (आयपीसीएल) १९६९ची. यंत्रे आणि तंत्र बाहेरून विकत आलेले होते, तेव्हा यातून नवे ज्ञान काय निघणार, अशी टीका होत असे. तिला उत्तर म्हणून एक प्रकरण पुरेसे आहे.

झायलिन या पेट्रोलियमपासून मिळणाऱ्या रसायनाचा एक समघटक (तेच अणू, वेगळी मांडणी) दुसऱ्यात बदलण्यासाठी झिओलाइट या सूक्ष्म छिद्रांच्या पदार्थाच्या जातीचा उत्प्रेरक लागतो. १९८०च्या दशकात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने तो विकसित केला, सिमेंटसाठी प्रसिद्ध असलेल्या एसीसीने त्याचे उत्पादन केले आणि आयपीसीएलने तो बडोद्याच्या आपल्या प्लँटमध्ये भरला. शेवटचे पाऊल सर्वांत अवघड. प्रयोगशाळेत काही ग्रॅम उत्प्रेरक चालला म्हणजे रिॲक्टरमध्ये टनाने चालेल असे नाही. फसला तर प्लँट बंद ठेवून तो उपसावा लागतो आणि थांबलेल्या दिवसांचा हिशेब कोणा अधिकाऱ्याच्या नावावर लागतो. पुष्कळ भारतीय शोध याच पायरीवर अडतात. नवउद्योगाला भांडवल देणारे पुढे बरेच भेटतात. आपला चालता प्लँट पणाला लावणारा पहिला ग्राहक क्वचित. २००२ मध्ये सरकारने आयपीसीएलचे नियंत्रण रिलायन्सकडे दिले आणि २००७ मध्ये आयपीसीएल रिलायन्समध्ये विलीन झाली.

चाचणी. अभ्यासकांच्या आकृत्यांत चाचणी केंद्राला एका कोपऱ्यात जागा मिळते. विद्युत उपकरणे करणाऱ्या लहान कारखानदाराच्या लेखी सगळा खेळ तिथेच असतो. रोहित्राचे (इथे कोणी रोहित्र म्हणत नाही, ट्रान्सफॉर्मरच) उदाहरण घ्या. शॉर्टसर्किट चाचणीत त्याच्या गुंडाळ्यांतून मुद्दाम प्रचंड प्रवाह सोडतात, तोही पाव ते अर्धा सेकंद. तीन फेजच्या ट्रान्सफॉर्मरला असे नऊ धक्के देतात. प्रत्येक धक्क्यानंतर रिॲक्टन्स (बदलत्या प्रवाहाला गुंडाळीकडून होणारा विरोध) मोजतात आणि शेवटी टाकी उघडून गुंडाळी सरकली का ते डोळ्यांनी पाहतात. ठरल्या मर्यादेपलीकडे फरक आला की माल नापास, आणि चाचणीचा दाखला नसेल तर वीज कंपन्यांच्या निविदेत लिफाफासुद्धा उघडला जात नाही. १९७४ मध्ये उद्योगांनी मिळून बडोद्यात ‘इर्डा’ ही विद्युत संशोधन व विकास संस्था उभारली. त्यामुळे पुष्कळ चाचण्या गावातच होऊ लागल्या. नापास झालेली गुंडाळी त्याच आठवड्यात परत आणून, कुठे सैल राहिली ते पाहून पुन्हा बांधता येणे, हे कुठल्याही अनुदानाहून मोलाचे.

नियम. १९७०च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूवर पेटंट देणे बंद केले, फक्त प्रक्रियेवरचे ठेवले. तोच रेणू वेगळ्या वाटेने करून दाखवणारा रसायनतज्ज्ञ एकदम मौल्यवान झाला. अलेम्बिक आणि साराभाई केमिकल्स असलेल्या शहरात अशी माणसे होतीच. सन फार्माने १९९३ मध्ये आपले संशोधन केंद्र बडोद्यात काढले, तेही अशा माणसांच्या गावात. २००५ मध्ये रेणूवरचे पेटंट परत आले आणि खेळाचे नियम पुन्हा बदलले.

सध्या. केंद्राची स्टार्टअप इंडिया योजना (२०१६) आणि गुजरात सरकारचे विद्यार्थी स्टार्टअप धोरण (२०१७) यांमुळे महाविद्यालयांत इन्क्युबेटर, म्हणजे नवउद्योगांना सुरुवातीचा आधार देणारी केंद्रे, उघडले. त्यांचा भर बहुधा कल्पना आणि सादरीकरणावर असतो. चाचणी आणि पहिला ग्राहक ही दोन कडी तिथे कच्ची आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये बडोद्यात टाटांच्या सी-२९५ मालवाहू विमानाच्या कारखान्याचे उद्घाटन झाले. ५६पैकी ४० विमाने इथे बनायची आहेत, आणि मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या कित्येक वर्कशॉपना सुट्या भागांच्या कामाची आशा आहे. या वर्कशॉपचा टर्नर मायक्रॉनची (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाची) भाषा बोलतो, मोजमापात हयगय करत नाही. मात्र त्याच्या यंत्राशेजारी लावलेल्या ड्रॉइंगच्या कोपऱ्यात नाव बहुतेक वेळा गिऱ्हाइकाचे असते.