दोन इंजेक्शनं देऊनही पार्व्हो का होतो?

"दोन इंजेक्शनं झाली होती, तरी पार्व्हो झालाच. म्हणजे लस बोगस, नाहीतर डॉक्टर." पार्व्हो या पिल्लांच्या विषाणूजन्य आजाराबद्दल कुत्री पाळणाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर हे वाक्य अधूनमधून येतंच. त्यावरची उत्तरंही ठरलेली. एक जण म्हणतो, लस फ्रीजबाहेर राहिली असेल (कधीकधी हे खरंही असतं). दुसरा म्हणतो, लसच देऊ नका. तिसऱ्याकडे हळद-कडुलिंबाचा काढा तयारच असतो. पण बहुतेक वेळा लसही चांगली असते आणि डॉक्टरही. लशीच्या आड आलेली असते ती पिल्लाची आई.

पार्व्हो तसा नवा आजार. १९७८ साली तो एकाएकी उफाळला आणि दोनेक वर्षांत जगभर पोचला. मांजरांना होणाऱ्या पॅनल्यूकोपेनियाच्या विषाणूचा हा अगदी जवळचा नातलग. इतका, की सुरुवातीला कुत्र्यांना चक्क मांजरांची लस टोचून वेळ निभावली गेली. या विषाणूला आपल्या डीएनएची नक्कल स्वतः करता येत नाही. त्यासाठी भराभर विभागणाऱ्या पेशीच लागतात, आणि पिल्लाच्या अंगात अशा पेशी आतड्याच्या अस्तरात आणि अस्थिमज्जेत भरपूर असतात. म्हणून रक्ताचे जुलाब होतात आणि त्याच वेळी पांढऱ्या पेशीही घटतात. विषाणूभोवती स्निग्ध वेष्टन नसल्यामुळे सॅनिटायझर किंवा फिनेलवर विसंबता येत नाही. मातीत तो महिनोन्महिने टिकतो. फरशी पुसायची तर तीसपट पाण्यात मिसळलेलं ब्लीच घ्यावं आणि दहा मिनिटं तसंच राहू द्यावं.

आता आईकडे वळू. माणसाच्या वारेत, म्हणजे प्लासेंटात, बाळाकडच्या पेशी थेट आईच्या रक्तात बुडालेल्या असतात, त्यामुळे आईची प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडीज, बाळाला पोटातच मिळतात. गाईच्या वारेत मधे इतके थर असतात की वासराला जन्माआधी जवळजवळ काहीच मिळत नाही. त्याची सगळी भिस्त चिकावर, ज्याचा आपण खरवस करून खातो. कुत्री या दोघांच्या मधली. पिल्लाला वारेतून जेमतेम दहा टक्के प्रतिपिंडं मिळतात, बाकीची आईच्या पहिल्या दुधातून. तीही पहिल्या काही तासांतच, कारण २४ तासांच्या आत आतड्याचं अस्तर एवढे मोठे रेणू रक्तात घेणं बंद करतं. जे पिल्लू आधी आणि पोटभर प्यायलं, त्याला जास्त मिळालं. एकाच विणीतल्या दोन भावंडांतही म्हणून फरक पडतो.

ही शिदोरी फक्त खाऊन संपते, तिच्यात भर पडत नाही. ती किती वेगानं संपते हे अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात पोलॉक आणि कारमायकल यांनी मोजलं आणि १९८२ साली प्रसिद्ध केलं. साधारण ९.७ दिवसांत ती निम्मी होते. आपण हिशेबाला १० दिवस धरू.

इथे थोडं गणित येतं, पण तेच मला सगळ्यात आवडतं. प्रतिपिंडांचं प्रमाण 'टायटर' या आकड्यात सांगतात. रक्तद्रव किती पट पातळ केला तरी तो विषाणूला अडवतो, तो हा आकडा. समजा, पिल्लाचं पार्व्होपासून रक्षण व्हायला टायटर ८० तरी हवा. लशीत जिवंत पण दुबळा केलेला विषाणू असतो. त्याची अंगात थोडी वाढ झाली तरच पिल्लाची स्वतःची प्रतिकारशक्ती जागी होते. या दुबळ्या विषाणूला गारद करायला मात्र ८० ची गरज नाही, २० सुद्धा पुरतो. म्हणजे टायटर ८० वरून २० वर येईपर्यंत आईची प्रतिपिंडं खऱ्या पार्व्होला रोखू शकत नाहीत, पण लशीला हमखास रोखतात. ८० चे ४०, ४० चे २०: दोनदा निम्मं, म्हणजे २० दिवस. हे २० दिवस कुठलंही पिल्लू उघड्यावर असतं. ते कधी येतील, हे सुरुवातीच्या आकड्यावर ठरतं.

एका पिल्लाचा टायटर जन्मानंतर ३२० होता. ते विसाव्या दिवशी ८० वर आणि चाळिसाव्या दिवशी २० वर आलं. त्याला सहाव्या आठवड्यात, म्हणजे ४२ व्या दिवशी दिलेली लस लागू पडली. दुसऱ्या पिल्लाची आई चांगली लसवंत, त्याचा टायटर १०,२४०. ते ८० वर यायला ७० दिवस आणि २० वर यायला ९०. त्याला ४२ व्या दिवशी दिलेली लस वाया गेली, ६३ व्या दिवशीची वाया गेली, १२ आठवड्यांची, म्हणजे ८४ व्या दिवशीचीसुद्धा वाया. ७५ व्या दिवशी ते कुठेतरी पार्व्होचा विषाणू चाटून आलं, तर मालक म्हणणार, दोन इंजेक्शनं झाली होती!

कुणाचा आकडा किती हे रक्त तपासल्याशिवाय कळत नाही. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून दर दोन ते चार आठवड्यांनी लस देत राहायची आणि शेवटची मात्रा १६ आठवडे पूर्ण झाल्यावरच द्यायची, असं कुत्र्या-मांजरांसारख्या लहान प्राण्यांच्या पशुवैद्यांची जागतिक संघटना 'डब्ल्यूएसएव्हीए' सांगते. दुसरी-तिसरी मात्रा पहिलीला बळ देण्यासाठी नसते. आधीच्या वाया गेल्या असतील तर एक तरी नेमकी बसावी, यासाठी असते. म्हणूनच आपल्याकडे पुष्कळ जण बाराव्या आठवड्याला 'कोर्स संपला' म्हणतात तिथे माझा जीव अडकतो. मांजराच्या पिल्लांचंही असंच, तिथे आजार पॅनल्यूकोपेनिया.

"गावठी कुत्र्यांना कुठे काय होतं?" हा नेहमीचा प्रश्न. गल्लीत दिसतात ती जगलेली. मेलेली पिल्लं मोजायला कुणी बसलेलं नसतं. गळ्यातल्या काळ्या दोऱ्याचं आणि दुकानातल्या 'इम्युनिटी बूस्टर' थेंबांचं काम एकच: मालकाला बरं वाटणं. फरक किमतीचा. कांदा-लसणाचे घरगुती उपाय मात्र निरुपद्रवीसुद्धा नाहीत, त्यांनी कुत्र्या-मांजरांच्या तांबड्या पेशी फुटतात.

शेवटच्या मात्रेपर्यंत पिल्लाला कोंडून ठेवायचं का? नाही. त्या वयात माणसं, आवाज, रिक्षा हे सगळं दिसलं नाही तर ते जन्मभर भित्रं राहू शकतं. कडेवर घेऊन फिरवा, लस झालेल्या ओळखीच्या कुत्र्यांशी खेळू द्या. रस्त्याकडेची माती नको, आणि दवाखान्याची फरशी तर मुळीच नको. आजारी पिल्लं तिथेच येतात.

आईच्या दुधातून जंतही येतात, त्यामुळे जंताचं औषध दुसऱ्या आठवड्यापासूनच सुरू होतं. साधारण सहा महिन्यांच्या वयात पार्व्होची आणि डिस्टेंपर या कुत्र्यांच्या दुसऱ्या विषाणूजन्य आजाराची आणखी एक मात्रा दिली की पुढे तीन वर्षांनी एकदा पुरते. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर, आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी. भारतात सहसा दर वर्षी. लेप्टोच्या लशीचा परिणाम मात्र वर्षभरच टिकतो. ती दर वर्षी घ्यायची, आणि कोकण-मुंबईकडे तर पाऊस लागण्याआधीच.